उचंत खात्यातली सुई

माझी शेवटची कादंबरी मी स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभे राहून लिहिली. यात प्रतिभावंताची लहर वगैरे काही नव्हती. बसता येत नव्हते, एवढेच. सकाळी कुकर उतरला की ओट्याचा एक कोपरा मला मिळे आणि फोडणीच्या वासात माझी पात्रे हिंडूफिरू लागत. चौतीस वर्षे मी बँकेच्या खुर्चीत बसून काढली. त्या खुर्चीने निवृत्तीनंतर असा सूड उगवला, असे मी येणाऱ्याजाणाऱ्यांना गमतीने सांगत असे. ती गंमत पहिले तीन महिने टिकली.

कमरेतून निघालेली कळ उजव्या मांडीच्या मागून, पोटरीतून थेट घोट्यापर्यंत उतरायची. विजेच्या उघड्या तारेला हात लागावा तशी. एमआरआय झाला. मणक्यातली गादी सरकली आहे, नस दबली आहे, पण शस्त्रक्रिया करावी इतके काही नाही, असे अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले. त्यांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दिला, कमरेला पट्टा दिला. गोळ्यांनी बरे वाटे. पण चार महिन्यांत पोटात जळजळ सुरू झाली आणि रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वर सरकले. 'या गोळ्या आता जपून,' असा इशारा मिळाला. व्यायाम मी पंधरा दिवस केला आणि कंटाळलो. मग निर्गुडीचे तेल, मिठाच्या पुरचुंडीचा शेक, कोणाच्या तरी गावचा हाडवैद्य हे सगळे ओळीने झाले. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. माझी तोवर चौदा महिन्यांची झाली होती.

जुनाट दुखणे माणसाला चिडके करते. ताप आलेल्या माणसाच्या उशाशी घर बसते. ज्याची कंबर वर्षभर दुखते आहे त्याला 'कसं वाटतंय?' असे विचारणे घर हळूहळू सोडून देते. यात घरच्यांचा दोष नाही. तेच उत्तर त्यांनी किती वेळा ऐकायचे? नातू धावत आला की मी आधी हात पुढे करून त्याला थोपवत असे. एके दिवशी तो दारातच थांबला आणि त्याच्या आईला हळूच विचारता झाला, "आज आजोबांना हात लावला तर चालेल?" त्या दिवशी मी ठरवले, आता कोणी काहीही सांगो, करून पाहायचे. शेजारच्या काकूंच्या गुडघ्याला गुण आला होता त्या अॅक्युपंक्चरच्या डॉक्टरांचा पत्ता आमच्या सौ.ने कधीच आणून ठेवला होता.

दवाखान्याच्या भिंतीवर मानवी शरीराचा मोठा तक्ता होता. मुंबईच्या लोकल गाड्यांच्या नकाशासारख्या त्यावर डोक्यापासून पायापर्यंत रेषा धावत होत्या. या चौदा वाहिन्यांमधून 'ची' नावाची प्राणशक्ती वाहते आणि त्यांच्यावर ३६१ बिंदू आहेत, असे चिनी शास्त्र मानते. तक्त्याशेजारी हार घातलेली तसबीर होती, डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची. मी मूळचा सोलापूरचा, त्यामुळे ती ओळखायला मला वेळ लागला नाही. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले हे आमच्या गावचे डॉक्टर. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता डिसेंबर १९४२ मध्ये वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी तिथेच गेले. व्ही. शांतारामांचा १९४६ सालचा चित्रपट आमच्या आईवडिलांच्या पिढीला तोंडपाठ होता. पण कोटणीस हे शल्यविशारद. त्यांच्या हातात सुरी होती, सुई नव्हे. ही सुई भारतात आणली ती त्याच पथकातल्या कलकत्त्याच्या डॉ. बी. के. बसू यांनी, १९५०चे दशक संपता संपता पुन्हा चीनला जाऊन ती विद्या शिकून आल्यावर. मी माझे हे ज्ञान डॉक्टरबाईंना ऐकवले. त्या हसून म्हणाल्या, "मला ठाऊक आहे, काका. पण बसूंची तसबीर कुठे मिळत नाही."

पहिल्या भेटीत त्यांनी पाऊण तास प्रश्न विचारले. झोप किती, तहान कशी, घाम येतो का, दुखणे थंडीत वाढते की उन्हाळ्यात, घरी कोण कोण असते. जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर बोटे ठेवून नाडी पाहिली. एमआरआयची फिल्म उजेडापुढे धरून पाहिली आणि व्यायाम का सोडला म्हणून रागावल्याही. मला पालथे झोपवून माझ्यासमोर नवे पाकीट फोडले. सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती भरीव आणि केसासारखी बारीक असते. नितंबावर, गुडघ्यामागच्या लवणीत, घोट्याच्या बाहेरच्या अंगाला अशा सुया टोचल्या. टोचताना मुंगी चावल्याइतकेही दुखले नाही. पुढे सुई फिरवली की आत कुठेतरी एक जड, बोथट ठणका पसरतो. 'आला का जडपणा?' असे त्या विचारत आणि हो म्हटले की समाधानाने मान डोलावत. मग वाळलेल्या पाल्याची कांडी पेटवून कमरेजवळ धरली. तो वास ओळखीचा वाटला, पण आठवेना. घरी आल्यावर वाचले तेव्हा उलगडा झाला. ती वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली. शेवटी पाठीवर काचेचे पेले लावले तेव्हा तर मला हसूच आले. लहानपणी आमच्या आळीत तुंबडीवाला यायचा. ज्याला आजीने दारातून हाकलले, तो चीनमार्गे पैसे देऊन मी घरात घेतला होता!

पहिल्या दोन सिटिंगनंतर काहीच झाले नाही. तिसऱ्या दिवशी रात्री मी सलग पाच तास झोपलो. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. पाच आठवड्यांत दहा सिटिंग झाल्या. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर मी पूर्वी आठ म्हणत असे, ते चारवर आले. चारचे शून्य कधीच झाले नाही. पण चार आणि आठ यांत किती अंतर आहे, हे ज्याने आठ भोगले आहे त्यालाच कळेल. मी अर्धा तास खुर्चीत बसू लागलो आणि ओट्याचा कोपरा ज्याचा त्याला परत मिळाला.

रात्री झोप लागू लागली तसा माझ्यातला बँकवाला जागा झाला. खात्यात रक्कम जमा झाली, हे खरे. पण ती भरली कोणी? सुईने? की नुसत्या काळाने? सरकलेली गादी अनेकदा आपोआप आक्रसते. की डॉक्टरबाईंच्या धाकाने पुन्हा सुरू केलेल्या व्यायामाने? की पाऊण तास कोणीतरी माझे दुखणे मन लावून ऐकले म्हणून? की पैसे मोजले आहेत, तर गुण यायलाच हवा, असे माझ्याच मनाने ठरवले?

पैसे आले आहेत, पण कोणाचे, कशाबद्दल ते कळत नाही, असा प्रसंग हिशेबात नेहमी येतो. आम्ही बँकेत त्याला सस्पेन्स म्हणत असू. जुन्या मुनिमांचा शब्द अधिक गोड आहे: उचंत. अशी रक्कम उचंत खात्यात टाकायची. ती नाकारायची नाही, कारण ती आली आहे. आणि हव्या त्या नावावर चढवायचीही नाही, कारण पुरावा नाही. खुलासा होईपर्यंत तिथेच ठेवायची. माझ्या कमरेचा आराम मी तसाच उचंत खात्यात लिहून ठेवला.

पुढे वाचनात आले, की मोठमोठ्या संशोधकांनीही तेच केले आहे. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. तीन गट केले होते. पहिल्याला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया, दुसऱ्याला बिंदू सोडून भलतीकडेच वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीच्या गोळ्या आणि व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के रुग्णांना गुण आला होता. दुसऱ्या, म्हणजे खोट्या सुयांच्या गटात ४४.२ टक्क्यांना. आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात २७.४ टक्क्यांना. हे आकडे मी दोनदा वाचले. सुईवाल्यांनी खूष व्हावे तर नकाशावरचे बिंदू फारसे कामाचे ठरले नाहीत. सुईची टर उडवणाऱ्यांनी खूष व्हावे तर नेहमीचे उपचार दोन्ही गटांच्या मागे पडले. २०१८ साली ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. तेव्हा खऱ्या सुईचे पारडे खोट्या सुईपेक्षा थोडे जड निघाले, पण थोडेच. ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेने कंबरदुखीसाठी २००९ साली सुयांची शिफारस केली, २०१६ साली ती काढून घेतली आणि २०२१ साली ठळक कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी मर्यादित तासांपुरता विचार करावा, असे सांगितले. माझ्या हिशेबी ही नोंद अजून उचंतच आहे.

इथवर सगळे ठीक होते. आता जे सांगायचे आहे ते सांगताना मान खाली जाते.

उचंत खात्याची एक वाईट बाजू प्रत्येक बँकवाल्याला माहीत असते. ज्या रकमेला नाव नाही, तिच्यावर कोणीही हात मारू शकतो. बँकांमधले अनेक गैरव्यवहार अशाच खात्यांच्या आडोशाने झाले आहेत. त्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर मला एक गृहस्थ भेटले. सुयांनी अर्धेच काम होते, म्हणाले, खरी जादू चिनी जडीबुटीच्या काळ्या गोळ्यांत आहे. पाच हजार वर्षांची विद्या, शुद्ध वनस्पती, अपाय शून्य. डॉक्टरबाईंना विचारले असते तर त्यांनी मला फैलावर घेतले असते. म्हणूनच बहुधा मी विचारले नाही. पाकिटावर ना नाव होते, ना घटक, ना बनवणाऱ्याचा पत्ता.

गोळ्या घेतल्या आणि आठ दिवसांत चारचे एक झाले. मी नातवाला उचलून घेतले. चेहरा भरला, म्हणून शेजाऱ्यांनी कौतुक केले. त्या आनंदाच्या भरात मी सोलापूरला ताईला फोन केला. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. गुडघे दुखतात, पंधरा वर्षांचा मधुमेह. मी तिला कुरिअरने दोन पाकिटे धाडली.

दीड महिन्याने भाच्याचा फोन आला. ताईची साखर ४८०वर गेली होती आणि पायाला झालेली क्षुल्लक जखम चिघळली होती. मी पोहोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ते पाकीट हातात घेऊन उलटसुलट केले आणि मला विचारले, "हे कोणी दिलं?" मी म्हणालो, "मी." यात स्टिरॉइड मिसळलेले असावे, असा त्यांचा अंदाज होता. वेदना झटक्यात थांबते, चेहरा सुजतो, साखर उसळते, जखम भरत नाही, ही सगळी लक्षणे त्याकडेच बोट दाखवत होती. मलाही त्यांनी गोळ्या एकदम न थांबवता देखरेखीखाली हळूहळू बंद करायला लावल्या. ताई अठरा दिवस रुग्णालयात होती. तिच्या डाव्या पायाचे एक बोट काढावे लागले.

घरी आणल्यावर ती मला म्हणाली, "अरे, कर्ज देताना तू माणसाच्या सात पिढ्यांचे कागद मागायचास. माझ्या पोटात जाणाऱ्या गोळीचा एक कागद नाही मागितलास?"

सोनारानेच कान टोचावेत, म्हणतात. माझे कान ताईने टोचले.

त्यानंतर मी त्या 'पाच हजार वर्षां'चा शोध घेतला. या विद्येवर चीनचाच विश्वास किती डळमळीत होता, हे पाहून चकित झालो. १८२२ साली दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून सुयांचे उपचार हद्दपार केले. १९२९ साली तिथल्या राष्ट्रीय सरकारच्या आरोग्य परिषदेने जुने वैद्यकच मोडीत काढण्याचा ठराव केला आणि वैद्य रस्त्यावर उतरले तेव्हा तो बारगळला. आधुनिक चिनी साहित्याचे जनक लू शुन यांच्या वडिलांच्या आजारात वैद्यांनी एकाहून एक दुर्मीळ अनुपाने मागितली. वडील गेलेच. लू शुन जपानला डॉक्टरी शिकायला गेले, त्यामागे ही जखम होती. १९५०च्या दशकात माओंनी या विद्येला पुन्हा प्रतिष्ठा दिली, कारण अफाट देशाला पुरतील इतके डॉक्टर नव्हते. स्वतः माओंचा मात्र तिच्यावर विश्वास नव्हता, असे त्यांचे खासगी डॉक्टर ली झिसुई यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नोंदवले आहे.

मग या विद्येत काहीच नाही का? आहे, आणि ते कसे बाहेर काढायचे, हेही चीननेच दाखवले. हिवतापावर औषध शोधताना थू योयो या संशोधक बाईंना चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात एका वनस्पतीचा उल्लेख सापडला. ती पाण्यात भिजवून पिळून घ्यावी, असे तिथे होते. उकळावी असे नव्हते. त्यावरून बाईंना सुचले, की उष्णतेने गुण नष्ट होत असावा. कमी तापमानात काढलेला अर्क उंदरांवर लागू पडला. मग तो त्यांनी आधी स्वतः घेतला, नंतर रुग्णांना दिला. त्यातून आलेल्या आर्टेमिसिनिनने असंख्य जीव वाचवले आणि थू योयोंना २०१५ साली नोबेल मिळाले. ती वनस्पतीही दवण्याच्याच कुळातली! एकाच कुळातल्या एका पाल्याचा माझ्या कमरेवर धूर झाला; दुसऱ्याचे औषध झाले, कारण कोणीतरी त्याचा कागद मागितला. उचंत नोंद मूळ खात्यावर अशी चढते.

आणि कागद न मागता काय होते, तेही जगाने पाहिले आहे. १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी दिलेल्या चिनी वनस्पतींच्या पुड्यांमुळे शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली. नावाच्या साधर्म्यामुळे एका वनस्पतीच्या जागी आपल्या सापसंदाच्या कुळातली दुसरीच विषारी वनस्पती पुड्यांत गेली होती. 'वनस्पती म्हणजे अपाय नाही' हे वाक्य तेव्हापासून तरी बंद व्हायला हवे होते. आपल्याकडे ते आयुर्वेदाच्या नावाने चालते, तिकडे चिनी नावाने, एवढाच फरक.

तेव्हा वाचकहो, ज्यांच्या घरात कोणाची तरी कंबर किंवा गुडघा वर्षानुवर्षे दुखतो आहे, त्यांना माझे सांगणे थोडेच आहे. सुया करून पाहायच्या असतील तर जरूर पाहा. पण आधी दुखण्याचे निदान करून घ्या. पायातली शक्ती जाऊ लागली, लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला तर सुईची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने या उपचारपद्धतीला मान्यता दिली आहे, तेव्हा सुई टोचणाऱ्याला नोंदणीचा कागद मागायला लाजू नका. पाकीट तुमच्यासमोर फोडलेले असावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. आठ-दहा सिटिंगमध्ये फरक नाही पडला तर खाते बंद करा. कोणी चालू औषधे सोडायला सांगितले तर उठून चालू लागा. आणि बिननावाची गोळी, ती चिनी असो, हिमालयातली असो की गावच्या देवऋष्याची, तोंडात घालू नका; दुसऱ्याच्या तर नाहीच नाही.

एक सांगणे डॉक्टरमंडळींना. त्या जर्मन चाचणीतल्या खोट्या सुयांनी ४४ टक्के लोकांना आराम दिला, याची थोडी टोचणी तुम्हालाही लागू द्या. आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांचे निदान अचूक होते, पण मला त्यांच्याकडे सहा मिनिटे मिळाली. डॉक्टरबाईंनी पाऊण तास दिला. तुमच्या दाराशी रांग असते, हे मी जाणतो. बँकेच्या खिडकीत मीही बसलो आहे. पण जुनाट दुखण्याच्या माणसाला ऐकून घेण्याचीही एक मात्रा लागते. ती तुमच्याकडे मिळाली नाही, तर तो बाकावरच्या गृहस्थाकडून घेईल आणि त्याच्यासोबत गोळ्याही घेईल. मी घेतल्या.

मी अजून दोन-तीन महिन्यांनी सुया टोचून घेतो. काळ्या गोळ्यांची हकीकत डॉक्टरबाईंना सांगितली तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आता प्रतीक्षाकक्षात मोठ्या अक्षरांत पाटी लागली आहे: येथे कोणी औषधे सुचवल्यास आम्हाला सांगावे. व्यायाम मी रोज करतो. दुखणे तीन-चारच्या आसपास असते. नातू आता उंच झाला आहे. त्याला उचलून घेण्याचा प्रश्नच उरला नाही, तोच माझी पिशवी उचलतो.

ताईचा दर रविवारी सकाळी फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "पाठ कशी आहे?" मी म्हणतो, "आहे तशीच. उचंत खात्यात."

"असू दे," ती म्हणते. "पण त्यावर पुन्हा उचल घेऊ नकोस."